झिजलेला हुक आणि न सापडलेली नोंद

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली गणित शिकलेली मंडळी या सभागृहात आजही बरीच आहेत. उत्तर बरोबर आले, पण रीत दाखविली नाही, तर गुरुजी अर्धेच गुण देत, हे त्यांच्यापैकी कोणालाही सांगावे लागणार नाही. विषय आपल्या आवडीचा घ्यावा, असे चिटणिसांनी पत्रात लिहिले होते. माझी सारी नोकरी विजेच्या पारेषण वाहिन्यांच्या देखभालीत गेली; तेव्हा साहित्य, इतिहास यांवर बोलण्याचा अधिकार मला नाही. मी विषय घेतला आहे तो असा : वणव्याने एखादे शहर जळून गेल्यावर त्याची चौकशी कशी होते आणि जबाबदारी अखेर कोणाच्या पदरात पडते.

आपल्या माळव्यात वणवा रानात लागतो. तो इंदुरात शिरल्याचे कोणी ऐकलेले नाही. म्हणून हा विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. परंतु या शाळेतून शिकून गेलेली कितीतरी मुले आज सॅन होजे, फ्रीमाँट, ओकलंड या बाजूला स्थायिक झाली आहेत. त्यांच्या घरी वीज पोचते ती पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या कंपनीच्या तारांवरून. मी आज मुख्यतः बोलणार आहे ते याच कंपनीच्या एका मनोऱ्याविषयी, किंबहुना त्या मनोऱ्यावरच्या एका हुकाविषयी.

८ नोव्हेंबर २०१८ चा दिवस. कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात ब्यूट काउंटी नावाचा जिल्हा आहे. तेथे फेदर नदीच्या खोल दरीतून 'कॅरिबू-पालेर्मो' नावाची ११५ किलोव्होल्टची पारेषण वाहिनी जात असे. पावसाळा लांबलेला, गवत वाळून कोळ झालेले आणि पहाटेपासून वारा सुटलेला. सकाळी सव्वासहा वाजता त्या वाहिनीवर बिघाड झाल्याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत झाली. साडेसहाच्या सुमारास मनोऱ्याखाली आग दिसली. अग्निशमन दलाचे लोक दरीच्या पलीकडे पोचले, त्यांनी आग डोळ्यांनी पाहिली; पण तिच्यापर्यंत जाणारा रस्ता इतका अरुंद व धोक्याचा होता की त्यांना गाडी पुढे नेता आली नाही. दीड-दोन तासांत ती आग सुमारे ११ किलोमीटरवरच्या पॅराडाइज या गावात शिरली.

पॅराडाइज हे सुमारे २६ हजार वस्तीचे, बरेचसे निवृत्त माणसांचे गाव. दोन दऱ्यांच्या मधल्या उंच सोंडेवर वसलेले. उतरून जायला मोजके रस्ते, आणि तेही जवळजवळ सगळे एकाच दिशेला. दिवस मावळेपर्यंत गाव बहुतांशी राख झाले. ८५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक वृद्ध होती. घरेदारे, दुकाने धरून १८,८०४ इमारती नष्ट झाल्या आणि १,५३,३३६ एकर प्रदेश जळाला. कॅलिफोर्नियाच्या ज्ञात इतिहासात एवढा प्राणघातक वणवा दुसरा नाही.

आता चौकशीकडे वळू. आपल्याकडे आग विझली की पंचनामा होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'शॉर्ट सर्किटमुळे आग' असे दोन शब्द छापून येतात. विजेच्या धंद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला या दोन शब्दांचा फार कंटाळा आहे. शॉर्ट सर्किट झाले, ठीक. पण ते का झाले, ज्या जागी झाले ती जागा शेवटची कोणी पाहिली, तिथे काय दिसले आणि काय लिहून ठेवले, हे विचारायचे आपण सोडून देतो. ब्यूट काउंटीचे सरकारी वकील माइक रॅमझी यांनी आणि राज्याच्या अग्निशमन खात्याच्या तपासनिसांनी हे प्रश्न सोडले नाहीत, म्हणून मला त्यांच्या कामाचे मोल वाटते.

तपासनीस त्या मनोऱ्यावर चढले, तेव्हा त्यांना एक इन्सुलेटरची माळ तुटून लोंबकळताना आढळली. ही माळ इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराच्या एका लोखंडी हुकावर टांगलेली असे. तो हुक झिजून तुटला होता. माळ खाली आली, तिच्याबरोबर जिवंत तार मनोऱ्याच्या लोखंडाला लागली, प्रचंड ठिणगी उडाली आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळक्या झुडपांत पडले. हुकाचे तुकडे, तार, मनोऱ्याचे लोखंडी भाग, सारे पुरावा म्हणून उतरवून जपण्यात आले आणि संघराज्याच्या तपास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत त्यांची परीक्षा झाली.

येथे थोडे धंद्यातले सांगतो. मनोऱ्यावरून वाहिनी पुढे नेताना एका बाजूच्या तारेतून दुसऱ्या बाजूच्या तारेकडे जो छोटा जोड-तुकडा जातो, त्याला आम्ही जंपर म्हणतो. मुख्य तार ताणलेली असते. जंपर सैल असतो. त्याला आधार देणाऱ्या माळेवर वजन कमी, म्हणून वाऱ्यात तीच अधिक हलते. हुक लोखंडी पट्टीच्या भोकात अडकविलेला असतो. वारा आला की लोखंडावर लोखंड घासते. एका दिवसात केसाएवढेही नाही, पण दररोज. ही वाहिनी १९२१ च्या सुमारास उभी राहिली, म्हणजे तो हुक जवळजवळ शंभर वर्षे घासला जात होता. अखेरीस त्याची जाडी एखाद्या सुरीच्या पात्यासारखी उरली असली पाहिजे. शेजारचा, अद्याप न तुटलेला हुकही तसाच झिजलेला सापडला.

अशी झीज कोठून दिसते? जमिनीवरून दुर्बिणीने दिसत नाही. हेलिकॉप्टरमधून वेगाने जाताना तर नाहीच नाही. हुक ज्या जागी भोकात टेकतो, ती जागा पाहायची तर माणसाने मनोऱ्यावर चढून हाताच्या अंतरावर गेले पाहिजे. २००१ पासून त्या मनोऱ्यावर अशी चढून तपशीलवार पाहणी झाल्याची एकही नोंद सापडली नाही. वार्षिक गस्त होत असे, पाच वर्षांनी पाहणी होत असे. परंतु ती खालून वा वरून, लांबून.

मग ही झीज कोणाला ठाऊकच नव्हती काय? तपासात असे निघाले की १९८७ सालीच कंपनीच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या एका जुन्या वाहिनीवरच्या झिजलेल्या हुकांची परीक्षा झाली होती. म्हणजे हुक झिजतात, हे ज्ञान संस्थेच्या पोटात कोठेतरी होते. ते फेदर नदीच्या दरीत काम करणाऱ्या माणसापर्यंत पोचले नाही. १९३० साली कंपनीने ही वाहिनी दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतली, तेव्हा तिच्या सुट्या भागांची नीट यादीसुद्धा करून घेतली नव्हती. कोणत्या मनोऱ्यावरचा कोणता भाग किती वर्षांचा, हे कंपनीला सांगता आले नाही.

याच कंपनीच्या बाबतीत हे पहिल्यांदा घडले होते असेही नाही. ९ सप्टेंबर २०१० रोजी सॅन ब्रूनो या गावी तिची गॅसची मोठी नळवाहिनी फुटून आठ माणसे मेली होती. त्या चौकशीत उघड झाले की कंपनीच्या दप्तरात तो नळ अखंड, बिनसांध्याचा म्हणून लिहिलेला होता. जमिनीत निघाला तो सांधलेला, आणि सांधाही सदोष. त्या प्रकरणी २०१६ साली कंपनी संघराज्याच्या न्यायालयात दोषी ठरली आणि २०१७ पासून पाच वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली होती. पॅराडाइज जळाले ते या देखरेखीच्या काळातच.

रॅमझी यांनी मार्च २०१९ मध्ये खास ग्रँड ज्युरी बसविली. ही आपल्याकडे नसलेली संस्था आहे : गावातले सामान्य नागरिक एकत्र बसतात, बंद दाराआड साक्षी ऐकतात आणि आरोप ठेवावा की नाही ते ठरवितात. आपल्याच गावाची राख झालेली, अशा जिल्ह्यातले हे एकोणीस लोक सुमारे वर्षभर बसले. त्यांनी कंपनीवर हेतूविना घडलेल्या मनुष्यवधाचे ८४ आणि बेकायदा आग लावल्याचा एक, असे ८५ आरोप ठेवले. मृत ८५, पण मनुष्यवधाचे आरोप ८४, कारण एका व्यक्तीने आग जवळ येताना स्वतःचे आयुष्य संपविले होते.

१६ जून २०२० रोजी कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी एकेका मृताचे नाव वाचायचे, त्या व्यक्तीचे छायाचित्र पडद्यावर यायचे आणि कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने 'दोषी' म्हणायचे. असे ८४ वेळा झाले. हा प्रसंग वाचताना माणूस गहिवरतो. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'दोषी' म्हणणारे ते मुख्याधिकारी, बिल जॉन्सन, २०१९ साली, म्हणजे आगीनंतर, कंपनीत आले होते आणि त्याच जून महिन्याच्या अखेरीस ते पद सोडून गेले. ८४ वेळा ज्याने शब्द उच्चारला, त्या माणसाचा त्या हुकाशी काही संबंध नव्हता. ज्यांचा संबंध होता, ते त्या पिंजऱ्यात नव्हते.

दंड किती झाला? कायद्याने एका मृत्यूमागे जास्तीत जास्त दहा हजार डॉलर. इतर आकार धरून एकंदर सुमारे ३५ लाख डॉलर आणि तपासाच्या खर्चापोटी आणखी पाच लाख. माणूस असता तर तुरुंगात गेला असता. कंपनीला तुरुंगात कसे घालणार? नुकसानभरपाईचा हिशेब निराळा. कंपनीने जानेवारी २०१९ मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यातून वणव्यांच्या बळींसाठी साडेतेरा अब्ज डॉलरचा निधी ठरला, पण त्यातला अर्धा भाग कंपनीच्या समभागांच्या रूपाने. म्हणजे ज्या कंपनीने घर जाळले, तिचा भाव बाजारात वर जावो, अशी इच्छा घर जळालेल्याने करायची.

एकाही व्यक्तीवर खटला झाला नाही. का नाही, हे सरकारी वकिलांनी जाहीर केलेल्या अहवालावरून समजते, आणि मला त्यातच या साऱ्या प्रकरणाचे मर्म दिसते. कोणा एकाला दोषी ठरवायचे तर त्याला धोका ठाऊक होता आणि ठाऊक असून त्याने दुर्लक्ष केले, हे सिद्ध करावे लागते. हुक कोणी पाहिला याची नोंद नाही. हुक पाहिला नाही याबद्दल कोणी विचारल्याची नोंद नाही. पाहणीचे अंतर वाढविण्याचा, पैसे कमी करण्याचा निर्णय झाला तो अनेक वर्षांत, अनेक खुर्च्यांवरून, थोडाथोडा. संस्थेला सगळे ठाऊक असायला हवे होते. पण संस्थेतल्या कोणालाच सगळे ठाऊक नव्हते. नोंद ठेवली असती तर ती विरुद्ध पुरावा ठरली असती. नोंद ठेवली नाही, म्हणून माणसे सुटली. ज्या कायद्यात दप्तर न ठेवणाराला दप्तर ठेवणारापेक्षा अधिक संरक्षण मिळते, त्याचा विचार आपण सर्वांनी, विशेषतः अभियंत्यांनी, करायला हवा. चांगला लाइनमन 'हुक झिजलेला, बदलावा' असे गस्तीच्या वहीत लिहितो आणि वरच्याला अडचणीत आणतो. लिहू नये असे त्याला कोणी उघड सांगत नाही. लिहिलेल्या ओळीवर काही होत नाही, हे तो दोन-तीन वर्षांत शिकतो आणि मग लिहीत नाही. हे मी पाहिलेले आहे.

मध्यप्रदेशात बसून हे बोलताना भोपाळची आठवण टाळता येत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथे काय झाले ते येथे सांगायला नको. ती आग नव्हती, विषारी वायू होता; पण प्रश्न तोच होता. तेथे माणसांवर खटला झाला. आधी आरोप सदोष मनुष्यवधाचा होता. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्याच्या आरोपावर आणला. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षे उलटून गेल्यावर, निकाल लागला, आणि भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचे अध्यक्ष कधी न्यायालयासमोर आलेच नाहीत. ते २०१४ साली वारले. ब्यूट काउंटीत दीड वर्षाच्या थोड्या वरच्या अवधीत कबुली मिळाली, पण माणूस मिळाला नाही. भोपाळला माणसे मिळाली, पण तोवर फिर्यादींची एक पिढी संपली. यांतले बरे कोणते, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की भरपाई आणि शिक्षा यांपेक्षाही मला ब्यूट काउंटीच्या सरकारी वकिलांनी छापून प्रसिद्ध केलेला तो अहवाल अधिक मोलाचा वाटतो. तो कोणीही वाचू शकतो. भोपाळविषयी असा एक सरळ, पूर्ण, सरकारने लोकांच्या हाती दिलेला वृत्तान्त आपल्याजवळ असता तर!

अर्थात अहवालाने हुक बदलत नाहीत. कबुली झाली जून २०२० मध्ये. १३ जुलै २०२१ रोजी त्याच फेदर नदीच्या दरीत, आधीच्या जागेपासून फार लांब नव्हे, त्याच कंपनीच्या एका तारेवर झाड पडले. त्यातून पेटलेल्या 'डिक्सी' वणव्याने ९,६३,३०९ एकर प्रदेश जाळला आणि ग्रीनव्हिल हे गाव संपविले. या वेळी फौजदारी खटला झाला नाही. सहा जिल्ह्यांच्या सरकारी वकिलांनी २०२२ साली या वणव्यासाठी आणि २०१९ मधल्या आणखी एका वणव्यासाठी मिळून साडेपाच कोटी डॉलरवर दिवाणी तडजोड केली. कॅरिबू-पालेर्मो वाहिनी मात्र कंपनीने कायमची बंद करून टाकली.

आतापर्यंत मी फक्त ठिणगीविषयी बोललो. परंतु ठिणगीने रान पेटते. माणसे मरतात ती पुढच्या दोन-चार तासांतल्या गोष्टींमुळे. पॅराडाइजच्या रस्त्यांविषयीचा इशारा नवा नव्हता. २००८ साली त्या भागात वणवे लागले, तेव्हा रस्ते तुंबले होते आणि जिल्ह्याच्या नागरी ग्रँड ज्युरीने तसे लिहूनही ठेवले होते. पुढे गावातल्या मुख्य रस्त्याचा एक भाग पादचाऱ्यांच्या सोयीसाठी उलट अरुंद करण्यात आला. आगीच्या दिवशी वाऱ्यामुळे वीजपुरवठा बंद ठेवण्याची सूचना कंपनीने दोन दिवस आधी दिली होती. तो बंद केला नाही, आणि केला असता तरी या उच्च दाबाच्या वाहिनीचा त्या योजनेत समावेशच नव्हता. हे सगळे कोणाच्या खात्यावर मांडायचे? फौजदारी न्यायालयाने ते मांडले नाही. ते त्याचे कामही नव्हते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने या बाजूचा अभ्यास केला. कोणती गाडी कोठे अडकली, ज्वाला रस्त्यावर केव्हा आल्या, माणसांनी वाहनतळावर, मोकळ्या पटांगणात कसा आसरा घेतला, याचा तिने मिनिटामिनिटाचा आलेख तयार केला. अशा अहवालांबाबत तेथे एक कायदा आहे : भरपाईच्या दाव्यात तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे साक्ष देणारा अग्निशामक मोकळेपणाने बोलतो. माझ्या मते ही सोय शहाणपणाची आहे; तथापि ती पुरेशी नाही, कारण 'यातून काय शिकायचे' हे सांगणारा अहवाल 'हे करायचे कोणी होते' या ठिकाणी मुद्दाम थांबतो.

हवाई बेटांतल्या लहायना या जुन्या बंदरात ८ ऑगस्ट २०२३ रोजी १०२ माणसे मेली. सकाळी तुटलेल्या तारांत पुन्हा वीज सोडल्याने आग लागली. अग्निशामकांनी ती आटोक्यात आणली, कित्येक तास तेथे राहिले, दुपारी दोनच्या पुढे निघून गेले आणि तीन वाजायच्या आत ती पुन्हा पेटली. कारणाचा हा अहवाल ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. गावात भोंगे होते, ते वाजले नाहीत. आपत्ती-निवारण खात्याचे प्रमुख त्या दिवशी दुसऱ्या बेटावर होते. भोंगे न वाजविल्याचा आपल्याला पश्चात्ताप नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि दुसऱ्या दिवशी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी स्वतंत्र संस्थेकडून चौकशी करविली. त्यासाठी लागणारी कागदपत्रे त्याच राज्यातल्या जिल्हा-खात्यांकडून मिळविण्यासाठी त्यांना समन्स काढावे लागले. सरकारने सरकारवर!

लॉस अँजेलिसची गोष्टही याच जातीची आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी पॅसिफिक पॅलिसेड्स हे उपनगर जाळणारी आग म्हणजे १ जानेवारीला लागून 'विझलेली' आणि मुळांमध्ये धुमसत राहिलेली आगच होती, असा निष्कर्ष संघराज्याच्या तपासनिसांनी काढला, आणि मूळची आग लावल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाला अटक झाली. एकाला अटक झाली की लोकांचा राग शमतो, हे प्रशासनाला सर्वत्र ठाऊक असते. मधल्या सहा दिवसांत ती धुमसणारी जागा कोणी पाहिली, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. अग्निशमन दलाने स्वतःविषयी लिहिलेल्या अहवालाचे मसुद्यामागून मसुदे झाले आणि त्यातली टीका सौम्य होत गेली, हे तेथल्या वर्तमानपत्राने डिसेंबर २०२५ मध्ये उघड केले. त्याच संध्याकाळी दुसरी आग अल्टाडीना गावात शिरली. तेथे मेलेल्यांपैकी जवळजवळ सर्व लेक अव्हेन्यू या रस्त्याच्या पश्चिमेचे होते. आग संध्याकाळी सव्वासहाला लागली होती आणि त्या पश्चिम भागाला घरे सोडण्याचा हुकूम गेला तो पहाटे तीन वाजून गेल्यावर.

आता शेवटचे उदाहरण, आणि मला यातले सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी एका दिवसात १७३ माणसे वणव्यांत मेली. दहा दिवसांच्या आत रॉयल कमिशन नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती बर्नार्ड टीग अध्यक्ष. त्यांनी १५५ दिवस सुनावणी घेतली, ४३४ साक्षीदार तपासले, त्यांत शंभर साधे नागरिक होते. पुढचा उन्हाळा तोंडावर होता म्हणून ऑगस्ट २००९ मध्येच अंतरिम अहवाल दिला आणि ३१ जुलै २०१० रोजी ६७ शिफारशींचा अंतिम अहवाल.

तेथेही सर्वांत मोठी आग विजेच्या तारेतूनच निघाली होती. किलमोर ईस्ट येथे एका जुन्या एकतारी वाहिनीच्या टोकाची वेटोळी पकड तिच्या खोबणीत नीट बसलेली नव्हती. तार त्या जागी वाकून वाकून तुटली. त्या एका आगीत ११९ मृत्यू. पकड खोबणीबाहेर आहे, हे पाहणीत लक्षात यायला हवे होते, असे कमिशनने म्हटले. एवढ्यावर न थांबता पाहणी पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनी व्हावी आणि पाहणी करणाऱ्या माणसाचे प्रशिक्षण कसे असावे, हेही लिहिले. ज्याने मनोऱ्याखाली उभे राहून काम केले आहे, त्यालाच अशा शिफारशीची किंमत कळते.

इशाऱ्यांच्या बाबतीत कमिशनला जे आढळले ते मी कधी विसरणार नाही. आगीची सूत्रे किलमोरच्या नियंत्रण केंद्राकडे होती. तेथे माणसे व साधने अपुरी. कांगारू ग्राउंड नावाच्या दुसऱ्या केंद्रातल्या अनुभवी लोकांनी आग किंगलेककडे जाणार हे ओळखले, इशाऱ्याचा मजकूरही तयार केला. पण ती आग 'त्यांची' नव्हती, म्हणून तो प्रसृत करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मजकूर टेबलावर राहिला. जबाबदारी नीट वाटून दिलेली होती, आणि त्या वाटणीमुळेच इशारा गेला नाही.

त्या कमिशनने १७३ मृत्यूंची एकेक करून सुनावणी केली. नातेवाइकांना बोलावले. आपला माणूस शेवटच्या तासात कोठे होता, त्याला कोणता इशारा मिळाला वा मिळाला नाही, त्याने काय ठरविले होते, हे त्यांच्या उपस्थितीत वाचून दाखविण्यात आले. ब्यूट काउंटीत नावे वाचली गेली ती कबुलीसाठी. येथे वाचली गेली ती हकीकत पुरी करण्यासाठी. वीज कंपनीविरुद्धचा दिवाणी दावा पुढे २०१४ साली सुमारे ४९ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटला. त्यात कंपनीने दोष मान्य केला नाही. तुरुंगात तेथेही वीज कंपनीचा कोणी गेला नाही.

पण राज्याच्या विधिमंडळाने २०११ साली एक स्वतंत्र कायदा करून नील कॉम्री या निवृत्त पोलीस प्रमुखांना निरीक्षक म्हणून कायद्याचे बळ दिले. सरकारने ६७ शिफारशींवर कोणकोणती आश्वासने दिली आहेत, त्यांतले कोणते काम कोणत्या खात्याने केले आणि कोणते राहिले, हे त्यांनी तपासायचे व विधिमंडळापुढे ठेवायचे. मी त्यांचा २०१२ चा अहवाल चाळला आहे. वाचायला तो रुक्ष आहे. शिफारस, तिच्याखाली कृती, तिच्यापुढे जबाबदार खात्याचे नाव आणि तिच्यापुढे 'झाले' किंवा 'झाले नाही'. माझ्या गस्तीच्या वहीचे रकाने जवळजवळ असेच होते. शेवटचा रकाना मात्र तिला नव्हता.